भास्कराचार्य

नवे शोधून काढणारा पुरुष जसा थोर, तसाच शोधलेले ज्ञान विस्कळीत होऊ न देता त्याला सुबोध रूप देऊन पुढील पिढीच्या हाती ठेवणारा पुरुषही थोरच होय. ही दोन्ही कार्ये एकाच व्यक्तीने केली, असे इतिहासात क्वचितच आढळते. महाराष्ट्राच्या भूमीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, ते भास्कराचार्य अशा विरळा पुरुषांपैकी एक होत. त्यांचे ग्रंथ शतकानुशतके भारतातील पाठशाळांत शिकविले गेले. आज वरच्या वर्गात गेल्यावर विद्यार्थी छेदातील वर्गमूळ नाहीसे करण्याची जी रीत शिकतात, ती रीत याच आचार्यांनी आपल्या शिष्यांना सूत्ररूपाने पाठ करावयास दिली होती.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. ही गोष्ट आपल्याला त्यांच्याच ग्रंथावरून कळते. प्राचीन ग्रंथकार स्वतःविषयी फारसे लिहीत नसत. परंतु भास्कराचार्यांनी आपला जन्मशक, ग्रंथ लिहिला तेव्हाचे वय, आपले गोत्र, गाव आणि पित्याचे नाव यांची नोंद करून ठेवली आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड नावाचे नगर हे त्यांचे गाव. तेथे वेदविद्येत पारंगत असलेल्या विद्वानांची वस्ती होती. हे नगर नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्यांच्या घराण्याचा सर्वांत मोठा पुरावा खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटण या गावी सापडला. त्याचा वृत्तान्त पुढे येईलच.

त्यांचे वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी होते. घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पूर्वजांपैकी एकाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. भास्कराचार्यांना गुरूच्या शोधार्थ दूर जावे लागले नाही. पिता हाच त्यांचा गुरू झाला. आकाशातील ग्रहांची गती, छायेच्या लांबीवरून वेळ काढणे, ग्रहणे वर्तविणे, पंचांग सिद्ध करणे, ही सर्व कामे गणितावाचून होत नाहीत. त्यामुळे बालपणापासूनच अंक हे त्यांच्या खेळण्यातील सोबती झाले असल्यास नवल नाही.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा आपला महान ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. 'लीलावती' या भागात अंकगणित व क्षेत्रमापन आहे, 'बीजगणित' या भागात अव्यक्त राशींचे गणित आहे, 'ग्रहगणित' व 'गोलाध्याय' या भागांत ज्योतिषशास्त्र आहे. सारा ग्रंथ पद्यात आहे. त्या काळी छापखाने नव्हते आणि पोथ्या हाताने नकलून घ्याव्या लागत. पद्य सहज मुखोद्गत होते, म्हणून शास्त्रही श्लोकांत रचण्याची प्रथा होती. पण श्लोक थोडक्यात असल्यामुळे अर्थ निसटण्याची भीती असते. हे ओळखून भास्कराचार्यांनी आपल्याच ग्रंथावर गद्यात स्पष्टीकरणही लिहिले.

'लीलावती' हा ग्रंथ विशेष लोकप्रिय झाला. कमळांवर बसणारे भुंगे, वाऱ्याने मोडून पडलेला वेळू, सापावर झडप घालणारा मोर, अशी रम्य चित्रे उभी करून आचार्य उदाहरण घालतात. एका उदाहरणात भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीच्या फुलांकडे जाते, थव्याचे आठ नवमांश दुसरीकडे जातात आणि एक जोडपे मागे राहते. तर भुंगे किती, असे ते विचारतात. उत्तर ७२ येते. ७२ च्या निम्मे ३६, त्याचे वर्गमूळ ६. ७२ चे आठ नवमांश ६४. आणि जोडप्याचे २. बेरीज ७२ भरते. रुक्ष वाटणाऱ्या विषयात गोडी कशी उत्पन्न करावी, हे या आचार्यांकडून शिकावे.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात मोती पडल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ही कथा त्यांच्या ग्रंथांत नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजी या कवीने इ. स. १५८७ मध्ये 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेतून ती पसरली. कथा मनोहर आहे; परंतु आचार्यांच्या मोठेपणाला तिची आवश्यकता नाही. त्यांचा मोठेपणा त्यांच्या गणितातच पुरेपूर दिसतो, आणि त्याचा एक उत्तम नमुना म्हणजे 'बीजगणित' ग्रंथातील करणीचे प्रकरण.

करणी म्हणजे काय? ९ चे वर्गमूळ ३ आहे, १६ चे ४ आहे. पण २, ३, ५ या संख्यांचे वर्गमूळ पूर्णांकातही मिळत नाही आणि अपूर्णांकातही मिळत नाही. ते दशांशात लिहू लागलो, तर अंक संपतच नाहीत. अशा मुळाला आपल्या शास्त्रकारांनी करणी हे नाव दिले. हा शब्द फार जुना आहे. यज्ञवेदी रचणारे लोक दोरीने मोजमाप करीत. ज्या दोरीवर चौरस उभारला असता इष्ट क्षेत्रफळ निर्माण होते, ती दोरी करणी. एका चौरसाच्या कर्णावर दुसरा चौरस उभारला, तर त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते. म्हणून त्या कर्णाला द्विकरणी म्हणत. जमिनीवर दोरीने जे सहज दाखविता येते, ते अंकांनी मात्र पूर्णपणे लिहिता येत नाही, ही या विषयातील मोठी अडचण होती.

या अडचणीवर भास्कराचार्यांनी सांगितलेला मार्ग असा : जे पूर्णपणे लिहिता येत नाही, ते घाईने तोडून टाकू नये, त्याला त्याच्या स्वरूपातच राहू द्यावे आणि त्याच्याशी व्यवहार करण्याचे नियम शिकावे. ते करणीपूर्वी 'क' हे अक्षर आणि साध्या संख्येपूर्वी 'रू' हे अक्षर लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. मग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ अशी सहाही कर्मे त्यांनी क्रमाने सांगितली.

बेरजेचे त्यांचे उदाहरण पाहा. √२ आणि √८ यांची बेरीज करावयाची आहे. २ आणि ८ मिळवून √१० लिहिणे ही चूक होय. आचार्यांची रीत अशी की, दोन्ही संख्यांची बेरीज घ्यावी, ती १०. दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन दुप्पट करावे, ते ८. दोन्ही मिळून १८. म्हणून बेरीज √१८. वजाबाकी करावयाची असल्यास १० तून ८ वजा करावे, उत्तर √२. त्याचप्रमाणे √३ आणि √२७ यांची बेरीज √४८ व वजाबाकी √१२ येते. मग ते विद्यार्थ्यांपुढे √३ आणि √७ ठेवतात. यांचा गुणाकार २१. त्याला पूर्ण मूळ नाही. तेव्हा या दोघांना एकत्र करता येत नाही. त्यांना शेजारी शेजारी वेगळेच ठेवावे. कोणत्या राशी एकत्र होतात हे सांगणारा शिक्षक चांगला. कोणत्या होत नाहीत हेही सांगणारा अधिक चांगला.

आता भागाकाराकडे वळू. भागाकारात छेदस्थानी करणी आली, की काम कठीण होते. १ ला √२ ने भागावयाचे म्हणजे १·४१४२ या लांबलचक संख्येने भागणे आले. पण अंश व छेद या दोहोंना √२ ने गुणले, तर छेदात साधा २ राहतो आणि अंशात √२ जातो. आता १·४१४२ ला २ ने भागणे हे लहान मुलालाही जमते, उत्तर ०·७०७१. अंश व छेद या दोहोंना एकाच संख्येने गुणले असता किंमत बदलत नाही, एवढ्या एका तत्त्वावर ही युक्ती उभी आहे.

छेदात दोन करणी असतील, तर प्रश्न केवळ श्रमाचा राहत नाही; अचूकपणाचाही होतो. समजा, १ ला √३ उणे √२ या राशीने भागावयाचे आहे. एखाद्याने घाईने √३ म्हणजे १·७ आणि √२ म्हणजे १·४ घेतले, तर छेद ०·३ येईल आणि उत्तर सुमारे ३·३३ येईल. परंतु अंश व छेद या दोहोंना √३ अधिक √२ ने गुणले, तर छेद ३ उणे २, म्हणजे १ होतो आणि उत्तर केवळ √३ अधिक √२ एवढेच उरते. त्याच ढोबळ किंमती घेऊनही ते ३·१ येते. खरी किंमत ३·१४६ च्या जवळ आहे. तीच सामग्री, तेच अंक. पण एका मार्गाने चूक लहान राहिली आणि दुसऱ्या मार्गाने ती चौपट झाली. ज्याला ग्रहणाची घटिका काढावयाची आहे किंवा पूल, धरण बांधावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नाही.

भास्कराचार्यांचा नियम असा आहे : छेदात ज्या करणी असतील, त्यांपैकी आपल्याला योग्य वाटेल त्या एका करणीचे चिन्ह बदलावे, धन असल्यास ऋण करावे, ऋण असल्यास धन करावे. अशा बदललेल्या छेदाने भाज्य व भाजक या दोहोंना गुणावे. छेदात एकच करणी उरेपर्यंत ही कृती पुनःपुन्हा करावी आणि मग त्या एका करणीने भाज्यातील करणींना भागावे. आधुनिक पाठ्यपुस्तकात याला छेदाचे परिमेयीकरण म्हणतात आणि चिन्ह बदललेल्या राशीला अनुबद्ध राशी म्हणतात. नावे नवी आहेत, रीत तीच आहे.

आचार्यांनी याचे उदाहरणही मोठ्या कौशल्याने निवडले. प्रथम त्यांनी √२, √३ आणि √८ यांच्या बेरजेला √३ अधिक ५ या राशीने गुणावयास सांगितले. √२ आणि √८ मिळून √१८ होतात, हे विद्यार्थी आधीच शिकला आहे. ५ हे √२५ असे लिहिले की गुणाकार सोपा होतो. तो ३ अधिक √४५० अधिक √७५ अधिक √५४ असा येतो. मग आचार्य उलट प्रश्न घालतात : हाच गुणाकार आता ५ अधिक √३ ने भागा. विद्यार्थी छेदातील √३ चे चिन्ह बदलतो आणि दोहोंना ५ उणे √३ ने गुणतो. छेद २५ उणे ३, म्हणजे २२ होतो. करणीच्या रूपात √४८४. भाज्यात काही पदे परस्परांना नाहीशी करतात आणि √८७१२ व √१४५२ ही दोनच उरतात. ८७१२ ला ४८४ ने भागले की १८ आणि १४५२ ला भागले की ३. उत्तर √१८ अधिक √३. पण आरंभीच्या राशीत तर तीन करणी होत्या! म्हणून आचार्य √१८ ची पुन्हा फोड करावयास शिकवितात. १८ म्हणजे ९ गुणिले २. ९ चे मूळ ३. त्याचे भाग १ आणि २. त्यांचे वर्ग १ आणि ४. त्यांना २ ने गुणून २ आणि ८. अशा रीतीने √२, √८ आणि √३ पुन्हा हाती येतात. ज्या ठिकाणाहून निघालो, त्याच ठिकाणी परत येऊन पोहोचलो, म्हणजे वाट बरोबर होती, अशी खात्री विद्यार्थ्याला स्वतःच पटते. तिच्यासाठी गुरूकडे जावे लागत नाही.

ही रीत भास्कराचार्यांनीच प्रथम शोधली, असे मात्र समजू नये. त्यांच्यापूर्वी सुमारे पाच शतके, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तांनी आपल्या ग्रंथात करणीच्या भागाकाराचा हाच मार्ग दाखविला होता. भास्कराचार्यांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. आपल्या बीजगणिताच्या शेवटी त्यांनी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावे घेतली आहेत आणि त्यांचे ग्रंथ अतिविस्तृत असल्यामुळे आपण त्यांचे सार काढून शिष्यांच्या समाधानासाठी हा ग्रंथ रचला, असा आशय व्यक्त केला आहे. श्रीधर व पद्मनाभ यांचे बीजगणिताचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. भास्कराचार्यांनी त्यांचे स्मरण केले नसते, तर त्यांनी असे ग्रंथ लिहिले होते हेही आपल्याला कदाचित कळले नसते. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देणाऱ्याचे स्वतःचे श्रेय कमी होत नाही.

जेथे पूर्वसूरींचे विवेचन अपुरे होते, तेथे मात्र त्यांनी तसे स्पष्ट म्हटले. करणींनी बनलेल्या राशीचे वर्गमूळ काढताना विद्यार्थी फसण्याचा संभव असतो. नियम यंत्राप्रमाणे चालविला, तर मूळ नसतानाही मूळ मिळाल्याचा भास होतो. पूर्वीच्या आचार्यांनी या बाबीचा विस्तार केला नाही, म्हणून बालकांच्या बोधासाठी आपण तो करतो, असे सांगून त्यांनी कसोटी दिली. दोन करणींच्या वर्गात एक करणी असते, तिहींच्या वर्गात तीन, चोहोंच्या वर्गात सहा, पाचांच्या वर्गात दहा. √२, √३ आणि √५ यांच्या बेरजेचा वर्ग केला, तर १० अधिक √२४ अधिक √४० अधिक √६० येतो. करणी तीनच आहेत. ही संख्या जुळत नसेल, तर मिळालेले मूळ खरे नव्हे. आलेल्या उत्तराची परीक्षा केल्याशिवाय त्याला उत्तर म्हणू नये, हा धडा त्यांनी येथे दिला.

त्यांची प्रतिभा याहूनही उंच भरारी घेऊ शकत असे. एखाद्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्ग येतो, तर ती संख्या कोणती, हा प्रश्न त्यांनी चक्रवाल नावाच्या पद्धतीने सोडविला. ज्यांचे वर्ग घ्यावयाचे त्या संख्या २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ एवढ्या मोठ्या आहेत. हाच ६१ चा प्रश्न इ. स. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. त्यापूर्वी पाचशे वर्षे त्याचे उत्तर सह्याद्रीच्या छायेतील एका पोथीत लिहिलेले होते.

वृद्धपणीही त्यांची लेखणी थांबली नाही. इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांचे गणित थोड्या श्रमात करता यावे, हा त्याचा हेतू होता.

आचार्यांच्या पश्चात त्यांची विद्या लोपली नाही. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी मानाने नेले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी झाला. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी त्या मठाला दाने दिली. इ. स. १२०६-०७ च्या सुमाराच्या त्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असला, तरी दानाचा काही तपशील तत्कालीन मराठीत कोरलेला आहे. बाजारात होणाऱ्या विक्रीवरील राजाचा वाटा मठाला दिल्याचे त्यात सांगितले आहे. गणिताच्या पाठशाळेचा खर्च पाटणच्या बाजारपेठेने चालविला, ही गोष्ट मनात साठवून ठेवण्यासारखी आहे. पुढे मठ गेला, पेठ गेली. पण दगड राहिला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इ. स. १८६५ मध्ये या लेखाचा परिचय विद्वानांना करून दिला.

'बीजगणित' ग्रंथाचा प्रवासही असाच विस्मयकारक आहे. ज्यांचे पूर्वज विदर्भात पयोष्णी नदीच्या काठी दधिग्राम येथे राहत असत, त्या कृष्ण दैवज्ञांनी त्यावर उत्कृष्ट टीका लिहून प्रत्येक नियमामागील उपपत्ती सांगितली. इ. स. १६३४ च्या सुमारास शाहजहानच्या काळात अताउल्ला रुश्दी याने त्याचा फारसी अनुवाद केला. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी, दुसऱ्या रघूजींच्या कारकिर्दीत, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री टॉमस कोलब्रुक हा विद्वान १७९९ ते १८०१ च्या सुमारास राहिला होता. संस्कृत विद्येचा तो गाढा व्यासंगी होता. त्याच कोलब्रुकने पुढे १८१७ साली 'लीलावती' व 'बीजगणित' यांचा इंग्रजी अनुवाद लंडन येथे प्रसिद्ध केला आणि भास्कराचार्यांची करणी युरोपातील वाचकांच्या हाती पडली.

स्वतंत्र भारताने १९७९ मध्ये अवकाशात सोडलेल्या एका उपग्रहाला भास्कर हे नाव दिले. हा सन्मान यथोचितच होता. तथापि आचार्यांचे खरे स्मारक शाळेच्या फळ्यावर दररोज उभे राहते. छेदात अडकलेली करणी पाहून विद्यार्थी प्रथम गोंधळतो. मग तो एक चिन्ह बदलतो, वर आणि खाली सारखेच गुणतो आणि पाहता पाहता छेद साधा होतो. राशीची किंमत तसूभरही बदललेली नसते. बदललेले असते केवळ तिचे रूप. कठीण गोष्टीचे मोल कमी न करता तिला सोपे रूप देणे, हेच भास्कराचार्यांनी आयुष्यभर केले, आणि चांगल्या शिक्षकाचे कार्यही याहून वेगळे नसते.